करपतं, पेटत नाही

३ जानेवारी

प्रिय बुचकळ्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम. टाकणखार किती, बोरिक पावडर किती आणि खताच्या दुकानातून आणायचं ते पांढरं मीठ किती, एवढं एका कार्डावर लिहून पाठव. पाणी किती गरम करायचं, तेही लिही. खुशाली कळवली नाहीस तरी चालेल. त्याची आता सवय झाली आहे.

नाट्यगृहाचा दर्शनी पडदा बदलायचा आहे. जुना इतका विटलाय की नाटक सुरू व्हायच्या आधीच लोकांना झोप येते. नवा मीच शिवते आहे, जाड सुती कापडाचा, आतून अस्तर लावून. पण मिठाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय तो टांगता येणार नाही, आणि अग्निशमन खात्याच्या तपासनीस बाईंनी पास केल्याशिवाय हंगाम सुरू करता येणार नाही. तू गेल्यापासून बाबा पडदे बाहेरच्या एका कारखान्यातून बुडवून आणायचे. तो कारखाना बंद पडला. बाबांना विचारून उपयोग नाही. प्रमाण त्यांना कधीच माहीत नव्हतं. ते नुसती काडी ओढायचे.

माझी पत्रं तुझ्या आधी तुझी बायको वाचते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा चार ओळी तिच्यासाठी.

अगं, लग्नाच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही आणि तुझा नवरा तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला असतो. म्हणून मीच सांगते. आमच्या नाट्यगृहाचे सगळे पडदे तो बुडवायचा. बुचकळ्या हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पडदा वाळला की मी काठाची बोटभर रुंद पट्टी कापून द्यायची. घरची रीत अशी की, ज्याने पडदा बुडवला त्यानेच पट्टी चिमटीत धरायची आणि बाबांनी खालून काडी लावायची. पट्टी पेटली तर बोटं बुडवणाऱ्याची. काळी पडून विझली की बाबा म्हणायचे, "करपलं. टांगा." याहून मोठी शाबासकी आमच्या घरात कुणाला मिळालेली नाही.

मग एका दुपारी तालमीत आग लागली. राजाचं काम करणाऱ्याने हात पसरून स्वगत म्हणताना समई पाडली, तेल सांडलं आणि विंगेतल्या पडद्याजवळ भडका उडाला. मी त्या पडद्याच्या मागे बसून त्याचाच काठ दुमडत होते. मला काही झालं नाही. पण सगळ्यांचं म्हणणं पडलं, बुचकळ्याचा पडदा पेटला. बाबांचंही. तुझ्या नवऱ्याने नवा पडदा बुडवला, वाळवला. मी पट्टी कापून दिली. बाबांनी ती त्याच्या हातात दिली नाही. पडदे बुडवायच्या पिंपाच्या वर भिंतीत खिळा होता, त्याला टांगली आणि काडी लावली. पट्टी छान विझली. पण तोवर हा चपला घालून बाहेर पडला होता.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आमच्या घरातल्या पुरुषांकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

तर बुचकळ्या, प्रमाण पाठव.

ताई


१९ जानेवारी

प्रिय बुचकळ्या,

तुझं उत्तर आलं नाही, तुझ्या बायकोचं आलं. लिहिते की, पत्र वाचून तू गॅलरीत गेलास, मग आत येऊन धुतलेली ताटं पुन्हा धुतलीस. ही मुलगी मला आवडायला लागली आहे.

तू लिहिलं नाहीस म्हणून काम थांबत नाही. मी माझ्या अंदाजाने पाणी तापवलं, तिन्ही पुड्या ओतल्या आणि उरलेल्या कापडाचा एक लांब तुकडा बुडवून पाहिला. वाळल्यावर त्याच्यावर हे एवढे पांढरे डाग. गडद लाल कापडावर मिठाची नक्षी! मला ते बघवेना. आयुष्यभर कापडावरचे डाग काढत आले आहे मी. म्हणून साध्या पाण्यात खळबळून एक पाणी काढलं, नीट पिळला, पुन्हा वाळवला. इतका सुरेख दिसायला लागला म्हणून सांगू.

मग मागच्या अंगणात पट्टी चिमट्यात धरून काडी लावली. पट्टी भसकन पेटली. माझी डावी भुवई निम्मी गेली आहे. समोरून बघणाऱ्याला मी सतत कसली तरी शंका काढते आहे असं वाटतं. बाबा वास घेत बाहेर आले.

"कोणी बुडवला?"

"मी."

"मग भुवई बरोबर माणसाची गेली."

मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पाणी काढलंस? मग मीठ राहिलं कुठे? धुवायचं नसतं ते. तो कधी पाणी काढायचा नाही."

तो. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तेही लगेच आत गेले आणि रेडिओ मोठा केला.

मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बरंच स्पष्ट दिसतं. मुख्यतः माझ्या चुका. बाकी तब्येत ठीक आहे. जिने चढताना मधे थांबतात आणि भिंतीवरची जुनी चित्रं बघितल्यासारखं करतात. मीही बघितल्यासारखं करते.

प्रमाण अजून हवं आहे.

ताई


१ फेब्रुवारी

प्रिय बुचकळ्या,

आज प्रमाणासाठी लिहीत नाही. हे पत्र बसून वाच. ताटं नंतर धू.

सकाळी तपासनीस बाई आल्या. ही पहिली नुसती पाहणी होती. वाळूच्या बादल्या, मागचं दार, जिने. माझ्याच वयाच्या असतील, आवाज बसलेला, पायात जड बूट. माळ्याच्या जिन्यात चादरीत गुंडाळलेलं एक मोठं बोचकं आडवं पडलं होतं. त्या म्हणाल्या, "हे काय आहे? जिन्यात अडगळ चालणार नाही." मी म्हटलं, आगीत गेलेला जुना पडदा आहे, बाबा टाकू देत नाहीत आणि कुणाला उघडूही देत नाहीत. बाबा दवाखान्यात गेले होते. बाई म्हणाल्या, "आगीत गेलेला? मग बघायलाच हवा."

मी आणि आपल्या जुन्या सुताराने तो रंगमंचावर नेऊन हळूहळू उलगडला. उलगडताना काळ्या खपल्या गळत होत्या. खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत सगळा कोळसा, मधे एकदोन भोकं. मी दोन पावलं मागे सरले. बाई मात्र गुडघे टेकून जवळ बसल्या आणि अंगठ्याने तो काळा थर चोळून बघायला लागल्या. त्यावर विणीचे धागे जसेच्या तसे होते. उभा धागा, आडवा धागा, सगळं काळं, पण मोडलेलं नाही.

"कोणी बुडवला होता?"

"माझ्या भावाने."

"चांगला बुडवलाय."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी म्हटलं, "बाई, जळला की तो."

"जळला नाही, करपला. करपायलाच हवा होता."

आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं, तसंच तुला सांगते. कापड तापलं की त्यातून पेटणारा वायू सुटतो आणि ज्वाळा असते ती त्या वायूची. तुझं ते मीठ तापलं की त्याचं आम्ल होतं. ते आम्ल कापडाच्या धाग्यातला पाण्याचा अंश ओढून काढतं आणि मग वायू व्हायच्याऐवजी धाग्याचा जागच्या जागी कोळसा होतो. काळा, घट्ट थर. तो ज्वाळा पुढे जाऊ देत नाही, हवा आत येऊ देत नाही आणि मागच्याला आच लागू देत नाही. बाई म्हणाल्या, "पुढचं कापड काळं होतं म्हणून मागचं वाचतं. त्याचं कामच ते."

"पण ज्वाळा पार छतापर्यंत गेल्या होत्या. सगळ्यांनी बघितल्या."

"शेजारी काय होतं?"

तेवढ्यात सुतार चाचरत म्हणाला, "झाड होतं, बाई. कागदाचं. तिसऱ्या अंकातलं वडाचं. मी आदल्या दिवशीच आणून लावलं होतं."

"ते कोणी बुडवलं होतं?"

कुणीच नाही. ते तुझ्या पिंपात आलंच नव्हतं. रंग ओला होता म्हणून नंतर बघू म्हटलं होतं. आगीनंतर त्याची मूठभर राख झाडून टाकली आणि झाड होतं हेच सगळे विसरले. मागे उरला तो काळा पडदा, म्हणून आरोपी पडदा. जो राहिला तोच सापडला.

मग बाईंनी पडदा उलटा करायला सांगितला. बुचकळ्या, अस्तराचा रंग नुसता तांबूस झाला होता. त्याच्यावर माझ्या खडूच्या खुणा होत्या, काठ कुठे दुमडायचा त्याच्या, आजच आखल्यासारख्या. पिवळ्या दोऱ्याचे कच्चे टाके होते. जिथे माझा हात थांबला तिथे टाचणी तशीच टोचलेली होती. पलीकडे कोळसा आणि अलीकडे माझा दोरासुद्धा जळलेला नाही.

मी रंगमंचावर फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडले. लपवत नाही. त्या धुरात मला उठून दाराकडे जायला वेळ कुठून मिळाला, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. नशीब, असं म्हणायची. नशीब कसलं, तुझे हात होते ते.

जाताना बाई म्हणाल्या, "भाऊ कुठे असतो?" मी म्हटलं, लांब. म्हणाल्या, "पंधरा मार्चला येते. नव्या पडद्याची पट्टी तयार ठेवा."

ताई


५ फेब्रुवारी

प्रिय बुचकळ्या,

बाबांना दाखवायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी "कशाला काढलंस ते?" म्हणून पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. काल मी पडद्याची उलटी बाजू वर करून त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पसरली. पडद्यावर पाय द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. थांबावंच लागलं.

"हा खडू कुणाचा?"

"माझा."

वाकून बघितलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. बाईंनी सांगितलेलं मी सगळं सांगितलं, झाडाचंही. ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "तू नक्की कुठे बसली होतीस?"

हे त्यांनी तेव्हाही विचारलं नव्हतं. मी स्टूल आणून दाखवलं. मी आणि सुताराने पडदा दोन्ही टोकांना धरून उभा केला आणि बाबा त्याच्यामागे स्टुलावर बसले. अस्तर त्यांच्या नाकापासून वीतभर.

"इथे?"

"इथेच."

त्यांनी अस्तरावर पंजा टेकवला आणि बसून राहिले. सुतार म्हणाला, "मालक, हात भरून आले हो." तरी उठले नाहीत. मग पडद्यामागूनच बोलले. समोर बसून ते बोलू शकले असते असं मला वाटत नाही.

"मला वाटलं, तू गेलीस. धुरात काळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तू खोकत बाहेर आलीस तेव्हा जीव भांड्यात पडला. पण भीती काही उतरली नाही. कुणावर तरी काढायची होती ती."

बोटभर पट्टी करपली की खूश होणारा हा माणूस. माणसाच्या उंचीएवढं करपलेलं बघितलं आणि आपलंच शास्त्र विसरला. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, "बाबा, त्याने मला वाचवलं आणि तुम्ही त्याला खिळा दाखवलात."

संध्याकाळी जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. एक संध्याकाळ न जेवण्यासारखंच होतं ते.

सोबत त्या पडद्याची पट्टी पाठवते आहे. जपून उघड, कोळसा सांडतो. पुढची बाजू तुझ्या ओळखीची आहे. उलटून बघ, खडूची रेघ माझी आहे. माझ्या धुतलेल्या पट्टीचा नमुनाही शेजारी ठेवणार होते, म्हणजे फरक कळला असता. पण तिचं पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

प्रिय बुचकळ्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन प्रमाणं, पाण्याची ऊब, सावलीत वाळवायची सूचना आणि शेवटी "धुवू नकोस." इतक्या वर्षांनी भावाचं पहिलं वाक्य आलं ते हे! मी ते चारदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंगळे चालल्यासारखं.

पट्टीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या बायकोने वेगळं लिहिलंय. तू ती काचेखाली ठेवलीस, उलट्या बाजूने. मला तेवढं पुरलं.

आता इथली गंमत ऐक. पडदा शिवून तयार आहे. प्रमाण आलंय. पुड्या आणून ठेवल्या आहेत. मी पदर खोचून पिंपाकडे गेले तर बाबा पुढे उभे.

"काय करतेस?"

"बुडवते. प्रमाण आलंय त्याचं."

"प्रमाण आलं. हात आले का?"

"माझे आहेत की."

"तुझे हात पाणी काढतात."

मग सुताराला बोलावून पिंप घासून घेतलं. आतून, बाहेरून, अगदी बुडापर्यंत. पण भरू देत नाहीत. मी म्हटलं, पंधरा तारखेला बाई येणार, वाळायला दिवस लागतात, पास झाला नाही तर हंगाम हातचा जाईल. नाटक मंडळींनी दुसरीकडे चौकशी सुरू केली आहे, हेही सांगितलं. तर म्हणतात, "घाई काय आहे?" आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस घाई काय आहे म्हणाला. इस्पितळात भूल देणाऱ्यालाही यांनी "आटपा" म्हटलं होतं.

शेवटी मी स्पष्टच विचारलं, "त्याने यावं असं वाटतं ना? मग तसं लिहा." कागद पुढे ठेवला, पेन उघडून हातात दिलं. "काय लिहू?" म्हणाले. मी म्हटलं, मी सांगणार नाही. दुपारभर खिडकीशी बसले होते. मी दोनदा चहा नेऊन ठेवला, दोन्ही कप गार झाले.

या पत्राच्या खाली त्यांच्या हाताची ओळ आहे. मी त्यात काही सुचवलेलं नाही. मला विचारशील तर फारच कंजूष ओळ आहे. पण त्यांना ओळखणारी आपण दोघंच आहोत.

ताई

पिंप घासून ठेवलं आहे. रिकामं आहे. — बाबा


७ मार्च, दारावर

बुचकळ्या,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही, नाट्यगृहाच्या मागच्या दारावर लावून जाते आहे. तुझ्या बायकोने गाडीची वेळ कळवली. तुला सांगू नका म्हणाली होती, पण आता तू आलाच आहेस.

मी दोरा आणायला बाजारात गेले आहे. दोऱ्याची घरात दोन रिळं आहेत, तेव्हा मुद्दामच गेले आहे हे तुला कळेल. दार उघडंच आहे. नुसतं लोटून घेतलंय, ढकल.

पडदा लांब टेबलावर घडी करून ठेवलाय. ओला झाल्यावर जड होईल, एकट्याने उचलू नकोस. सुताराला हाक मार. तो सकाळी कामावर आल्यापासून तुझीच वाट बघतोय, त्याला त्या झाडाबद्दल काहीतरी बोलायचं आहे. बोलू दे बिचाऱ्याला.

बाबा पिंपाशेजारी बसलेत. पडदा अजून बुडवलेलासुद्धा नाही, वाळून पट्टी कापायला परवा उजाडेल, तरी सकाळपासून काडेपेटी खिशात आहे. मधूनमधून हलवून बघतात. तुला बघून ते चुकलो वगैरे म्हणतील अशी आशा ठेवू नकोस. बहुतेक "उशीर केलास" म्हणतील. तूही उलट काही बोलू नकोस, पाणी तापत ठेव.

फक्त आत गेल्यावर पिंपाच्या वरच्या भिंतीकडे एकदा बघ. काल त्यांनी सुताराकडून पक्कड मागून घेतली, स्टुलावर चढले, मला हात लावू दिला नाही आणि खिळा स्वतः उपटला. गिलाव्याचा ढपलाच निघाला, चांगलं मोठं भोक पडलंय. मी म्हटलं, "गवंड्याला बोलावून बुजवून घेऊ का?"

म्हणाले, "राहू दे. त्याला दिसू दे."

पहिल्या पत्रातले आशीर्वाद राहिले होते. अनेक, अनेक आशीर्वाद.

ताई